हाताला गुण नसतो, झाडाला कारण असतं!

चिंचवड, भोसरी, निगडी, मोशी, चाकण... आपल्या या कारखान्यांच्या पट्ट्यात कुठल्याही सोसायटीत वर मान करून बघा. प्रत्येक खिडकीला ग्रिल, ग्रिलमध्ये वाळत घातलेले टॉवेल आणि त्यांच्या बाजूला चार-दोन कुंड्या. एक तुळस, एक मनी प्लांट, एखादी कोरफड. आणि हल्ली हमखास दिसणारी एक चिमुकली कुंडी. खाली हिरवं तीनधारी खोड आणि वर लालभडक गोंडा. कुणी त्याला लाल टोपीचं कॅक्टस म्हणतं, कुणी मून कॅक्टस. पिवळ्या, केशरी, गुलाबी टोप्याही मिळतात. महिला दिनाला कंपनीने दिलेलं, मुलाच्या वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून आलेलं, नाहीतर जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला नर्सरीत दिसलं म्हणून हौसेने घेतलेलं!

घरात आलं की सगळे कौतुक करतात. वर्षभर, फार तर दोन-तीन वर्षं ते टिकतं. मग एके दिवशी वरची टोपी मऊ पडते, सुरकुतते, खालचं खोड पिवळं होतं, आणि बघता बघता सगळंच कुंडीत आडवं होतं. आणि मग घरातून ते ठरलेलं वाक्य येतं, "अगं, कॅक्टससुद्धा जगवता आलं नाही तुला? तुझ्या हातालाच गुण नाही!"

मला बोलायचंय ते या वाक्याबद्दल. कारण हे झाड का मेलं याचं उत्तर त्या बाईच्या हातात नसतं, त्या झाडातच असतं. पण ते विकताना कुणी सांगत नाही, विकत घेताना आपण विचारत नाही आणि मेल्यावर दोष मात्र घरातल्या बाईला लागतो. हे बरोबर नाही.

आधी हे झाड आहे तरी कोण, ते बघूया. त्याचं शास्त्रीय नाव आहे जिम्नोकॅलिसियम मिहानोविची. नाव जड आहे, पण अर्थ सोपा. जिम्नोकॅलिसियम म्हणजे उघड्या कळीचं. बऱ्याच कॅक्टसच्या कळ्यांवर लव किंवा काटे असतात, याची कळी मात्र गुळगुळीत, नुसत्या खवल्याखवल्यांची. दुसरा शब्द मिहानोविच या आडनावावरून आला. हे गृहस्थ मूळचे आजच्या क्रोएशियातले, अर्जेंटिनात जाऊन जहाजांच्या धंद्यात मोठे झालेले. त्या भागात झाडं शोधत फिरणाऱ्या फ्रिच नावाच्या चेक संशोधकाने त्यांच्या नावाने या रोपाला अमर केलं. १९०५ साली त्याची शास्त्रीय नोंद झाली.

मूळ गाव दक्षिण अमेरिकेतलं. पॅराग्वे आणि अर्जेंटिनाच्या सीमेवर चाको नावाचा झुडपांचा कोरडा प्रदेश आहे, तिथलं. आता गंमत ऐका. तिथे हे रोप लालही नसतं आणि कुणाच्या डोक्यावरही बसलेलं नसतं. लिंबाएवढं, जमिनीलगत, करडं-हिरवं, कधी तपकिरी छटेचं. अंगावर बहुधा आठ धारा आणि धारांवर आडव्या फिकट पट्ट्या. काटे मोजकेच, बारीक आणि वाकडे. तेही झडून जातात. झुडपांच्या सावलीत गपगुमान बसलेलं असतं. फूल येतं ते फिकट पिवळसर-हिरवं, कधी गुलाबीकडे झुकणारं, आणि आकाराने जवळजवळ त्या रोपाएवढंच! लिंबावर लिंबाएवढं फूल. बघणाऱ्याने बघत राहावं असं.

मग लाल टोपी आली कुठून? ती आली जपानमधून. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या वातानाबे नावाच्या रोपवाटिकावाल्यांनी या कॅक्टसचं बी पेरलं होतं. हजारो रोपांमध्ये त्यांना एक-दोन लालसर निघाली. ती लाल दिसत होती याचं कारण त्यांच्यात हिरवा रंगच नव्हता. हरितद्रव्य नाही. आपल्याला शाळेत शिकवलंय, झाड उन्हात स्वतःचं अन्न तयार करतं ते हरितद्रव्याच्या जोरावर. ते नाही म्हणजे स्वयंपाकघरच नाही! अशी रोपं उगवतात आणि बियातली शिदोरी संपली की मरतात. पण वातानाबेंनी ती अलगद काढली आणि दुसऱ्या हिरव्या कॅक्टसवर कलम केली. खालच्याने रांधायचं, वरच्याने खायचं. लाल रोप जगलं. जपानी लोकांनी त्याला नाव दिलं हिबोतान, म्हणजे शेंदरी रंगाचं पिओनीचं फूल. पुढे पिवळी, केशरी, गुलाबी अशी भावंडं निघाली, कोरियाने तर त्यांचा मोठा निर्यात-धंदा उभा केला, आणि आज ती आपल्या मोशीच्या खिडकीत येऊन बसली आहेत.

म्हणजे आपण ज्याला एक झाड समजतो ती प्रत्यक्षात दोन झाडं आहेत. वरची टोपी वेगळी, खालचा खुंट वेगळा. कलम म्हणजे काय हे आपल्याला काही नवीन नाही. कोकणातला हापूस कलमाचाच असतो. तळेगाव दाभाड्याच्या फ्लोरिकल्चर पार्कमधले जे गुलाब व्हॅलेंटाईन डेच्या आधी विमानाने परदेशी जातात, तेही दुसऱ्या गुलाबाच्या खुंटावर डोळा भरून तयार केलेल्या रोपांचे. पण हापूसच्या कलमात वरचा आंबा आणि खालचा आंबा, दोघंही हिरवे. दोघांचा संसार वर्षानुवर्षं चालतो. इथे मात्र वरचा कायमचा परावलंबी.

आणि खालचा खुंट कोण, माहितीये? बहुतेक वेळा ड्रॅगन फ्रूट! हो, तेच. सांगली, सोलापूरकडच्या दुष्काळी पट्ट्यात शेतकऱ्यांनी ज्याच्या बागा लावल्या, ज्याची सांगली जिल्ह्यातल्या तडसरची फळं २०२१ मध्ये दुबईला गेली, त्याच ड्रॅगन फ्रूटचा बोटभर तुकडा. हा मुळात वेल आहे. उष्ण प्रदेशातल्या झाडांवर चढणारा, भराभर वाढणारा, ऊब आणि थोडा ओलावा मागणारा. आणि वर बसलेला गोळा सावकाश वाढणारा. दोघांच्या गरजा वेगळ्या, वाढीचा वेग वेगळा. वरचा खात राहतो, खालच्याला स्वतःची फांदी फुटू दिली जात नाही, कारण फुटली की आपणच ती खुडून टाकतो. नाहीतर वरच्याचं खाणं तुटतं. दोन-चार वर्षांत खालचा थकतो. कलम करणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं. इतकंच कशाला, दुर्मीळ झाडा-प्राण्यांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणारा साईट्स नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्यात जवळपास सगळं कॅक्टस कुळ येतं. पण ड्रॅगन फ्रूटच्या खुंटावर बसवलेल्या या बिनहिरव्या मिहानोविचीला त्यातून चक्क सूट आहे! कारण रानातून ओरबाडून आणावं असं हे झाडच नाही, ते माणसाने रोपवाटिकेत घडवलेलं आहे.

आता सांगा, ज्याचं आयुष्यच मुळात थोडं, ते मेलं तर हात कुणाचा वाईट?

तुम्ही म्हणाल, एका कुंडीचं एवढं काय मनाला लावून घ्यायचं? कुंडीचं नाहीच हो. ते वाक्य जिथून येतं, ते मनाला लागतं. आपल्याकडे झाडाचा आणि बाईच्या हाताचा संबंध फार जुना, आणि तो नेहमी कौतुकाचा नाही. पाळीच्या दिवसांत तुळशीला हात लावलास तर ती जळेल. सावली पडली तर पापड लाल होतील, लोणच्याला बुरशी येईल. हे ऐकत आपण मोठ्या झालो. अजूनही कितीतरी घरांत हे चालतं. इंजिनिअर मुलगा आणि एमबीए सून असलेल्या घरातही चालतं. तुळस जळते ती थंडीने, पाणी साचल्याने, मंजिऱ्या न खुडल्याने. पण कारण शोधण्यापेक्षा बाई शोधणं सोपं!

आणि सगळ्या बायकांना हे सारखं लागत नाही. जिच्या पदरात दोन मुलं आहेत, जिचा घरात शब्द चालतो, तिचं कॅक्टस मेलं तर "जाऊ दे, दुसरं आण" म्हणतात. पण लग्नाला पाच वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही, तिचं रोप मेलं की बोलणाऱ्यांच्या डोळ्यांत वेगळाच अर्थ असतो. "हिच्या हाताला काही लागत नाही." झाडाबद्दल बोलल्यासारखं करायचं आणि घाव दुसरीकडे घालायचा. ज्या बाईने हे ऐकलंय तिला विचारा, एका कुंडीचं एवढं काय ते.

दुसरी गंमत तर याहून भारी आहे. झाड मेलं तर हात वाईट, आणि झाड जगलं तर? तर झाडच वाईट! "काटेरी झाड घरात ठेवू नये, भांडणं होतात." वास्तुशास्त्राच्या पुस्तकांनी आणि टीव्हीवरच्या पंडितांनी हे इतकं डोक्यात भरवलंय की नवरा-बायकोचं वाजलं की सासूबाई आधी खिडकीतलं कॅक्टस उचलतात. अहो, भांडण नवऱ्याच्या तीन शिफ्टमुळे झालेलं असतं, दोन खोल्यांत सहा माणसं राहतात म्हणून झालेलं असतं, घराच्या हप्त्यामुळे झालेलं असतं. कॅक्टसचा काय संबंध?

काट्याचाच राग असेल तर गुलाब कसा चालतो? लिंबाच्या झाडाला काटे नाहीत? महादेवाला वाहतो त्या बेलाला चांगले लांब टोकदार काटे असतात, तो तर पवित्र! आणि सगळ्यात मोठी गोष्ट सांगू? आपल्याकडे पावसाळ्यात रात्री ज्याच्या फुलासाठी आळीतल्या सगळ्या बायका जमतात, हळदीकुंकू वाहतात, निरांजन ओवाळतात, फोटो काढून नातेवाइकांना पाठवतात, ते आपलं घरगुती ब्रह्मकमळ म्हणजे कॅक्टसच आहे! मेक्सिको आणि मध्य अमेरिकेकडचं, झाडांवर वाढणारं, चपट्या खोडाचं कॅक्टस. हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ, उत्तराखंडचं राज्यफूल, ते पूर्णपणे वेगळं. म्हणजे एकाच कुळातलं एक रोप देव्हाऱ्यात आणि दुसरं उंबऱ्याबाहेर. मला ब्रह्मकमळाच्या पूजेबद्दल काही म्हणायचं नाही. रात्री बारा वाजता बायका हसतखेळत एकत्र जमतात, हे किती छान आहे! म्हणायचं इतकंच की शुभ-अशुभ झाडाला माहीत नसतं, ते आपण चिकटवतो.

चिकटवण्यावरून आठवलं. नर्सरीत छोट्या काटेरी गोळ्यावर चमकदार पिवळं-जांभळं फूल असलेली कुंडी बघितली असेल. बऱ्याचदा ते फूल खरं नसतंच. वाळवलेलं, कधी रंगवलेलं कागदी फूल गरम गोंदाने शेंड्यावर चिकटवलेलं असतं. ओळखायचं कसं? खरं फूल चार-आठ दिवसांत मान टाकतं. हे महिनोन् महिने तसंच राहतं. शिवाय ही फुलं हवेतल्या ओलाव्याने मिटतात आणि कोरडी झाली की उघडतात, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं, अरे वा, जिवंत आहे! आणि नेमक्या ज्या शेंड्यातून रोपाने वाढायचं, तिथेच गोंदाचा गोळा. मग ते वेडंवाकडं वाढलं किंवा कुजलं, की पुन्हा आपण दोषी.

म्हणून माझं स्पष्ट मत असं की, यात पहिली जबाबदारी विकणाऱ्याची आहे. बिस्किटाच्या पुड्यावर तारीख असते, औषधाच्या बाटलीवर असते. कलमी कॅक्टसच्या कुंडीवर दोन ओळींची चिठ्ठी लावायला काय हरकत आहे? "हे कलम आहे. वरचा रंगीत भाग स्वतः अन्न तयार करत नाही. साधारण दोन-चार वर्षं टिकेल. कडक ऊन आणि साचलेलं पाणी टाळा." बस्स! एवढ्याने विक्री कमी होईल असं मला वाटत नाही. उलट गिऱ्हाईक विश्वासाने परत येईल. महिला दिनाला शेकड्यांनी ही रोपं वाटणाऱ्या कंपन्यांनी तर हे आवर्जून करावं. स्त्रियांचा सन्मान म्हणून दिलेली वस्तू वर्षाच्या आत तिच्या अपमानाचं निमित्त व्हावी, हे काही चांगलं नाही ना?

काहीजणी म्हणतील, "असू दे की थोड्या आयुष्याचं. गजरा काय वर्षभर टिकतो? बुके काय टिकतो?" पटलं मला! लाल टोपी आवडते म्हणून जरूर घ्या. रंग डोळ्यांना सुखावतो, आणि सुख काही पापाचं नाही. फक्त गजरा सुकला म्हणून कुणी आपल्या हाताला नावं ठेवत नाही, तसं हिच्या बाबतीतही ठेवू नये, ठेवू देऊ नये. आणि आहे तोवर तिला नीट सांभाळायचं असेल तर तीन गोष्टी. एक, तिला डोक्यावरचं ऊन सोसत नाही. हिरवं कवचच नाही ना! भरपूर उजेड पण सावली, म्हणजे पूर्वेची खिडकी उत्तम. दोन, खुंट वेलीच्या जातीचा असल्याने तिला अगदी महिनाभर कोरडं ठेवू नका, पण माती वाळल्याशिवाय पाणीही घालू नका. आणि घालाल ते कुंडीच्या कडेने, टोपीवर नाही. तीन, थंडी. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत एखाद्या पहाटे पारा दहाच्या खाली जातो. त्या दिवसांत कुंडी ग्रिलमधून आत घ्या. खुंटाला ती थंडी बाधते.

पण टिकाऊ मैत्रीण हवी असेल, तर याच कॅक्टसचं साधं, हिरवं-तपकिरी रूप मागा. "टोपीवालं नको, स्वतःच्या मुळावरचं जिम्नो द्या," असं म्हणायचं. नर्सरीवाला चमकेल, पण आणून देईल. पट्ट्यापट्ट्यांचं साधं मिहानोविची आहे. गडद अंगाचं आणि गुलाबी फुलाचं फ्रिडरिची आहे, काही शास्त्रज्ञ त्याला वेगळीच जात मानतात. अंगावर हिरवे आणि लाल-पिवळे डाग असलेले व्हेरिगेटेड प्रकारही मिळतात. त्यांच्यात थोडा का होईना हिरवा भाग असतो, त्यामुळे ते सावकाश का होईना, स्वतःच्या मुळांवर जगू शकतात. आणि लाल रंगच हवा असेल तर याच घराण्यातलं अर्जेंटिनाचं बाल्डियानम बघा. अंग हिरवं, पण फूल चक्क लालचुटुक, खरंखुरं आणि स्वतःच्या जोरावर आलेलं!

पुण्यात एम्प्रेस गार्डनला जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरतं, तिथे गेलात तर कॅक्टस जाणणारी माणसं भेटतात, त्यांना विचारा. घेताना तीन प्रश्न ठरवून ठेवायचे. हे कलम आहे की स्वतःच्या मुळावर? हे फूल खरं की चिकटवलेलं? आणि माती कुठली आहे? कारण पुष्कळदा नुसत्या कोकोपीटमध्ये लावलेलं असतं, आणि ते आपल्या पावसाळी हवेत ओलं ते ओलंच राहतं.

घरी आणल्यावर माती बदला. एक भाग चाळलेली माती, एक भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा, आणि थोडं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत. कुंडी छोटीच हवी, तळाला भोक हवंच. हे झुडपांच्या सावलीतलं रोप, त्यामुळे सकाळचं कोवळं ऊन त्याला पुरतं. म्हणजे आपल्या एका बाजूने उघड्या फ्लॅटमध्येही त्याचं चालतं. जून ते सप्टेंबर ते पागोळ्यांपासून दूर ठेवा. या पट्ट्यात कॅक्टस उन्हाने कमी आणि पावसाने जास्त मरतात. दिवाळी झाली की पाणी हळूहळू कमी करा आणि कडाक्याच्या थंडीत तीन-चार आठवड्यांतून एकदा जेमतेम भिजवा. हा त्याचा विसावा. हा विसावा मिळाला तरच ते पुढे फुलतं. कौतुकाने वर्षभर रोज पाणी घालणाऱ्यांच्या कॅक्टसला फूल येत नाही, ते यामुळेच! उन्हाळा जवळ आला की शेंड्यापाशी ती गुळगुळीत उघडी कळी डोकावते. अंगावर बांधकामाची आणि रस्त्याची धूळ बसते, ती जुन्या मऊ ब्रशने हलकेच झटकत जा.

बियांपासून वाढवलं तर फूल यायला तीन-चार वर्षं लागतात. लागू देत की! चाकणला लाइनवर उभं राहून आठ-नऊ तास काम करणारी, बस बदलत घरी येणारी, आल्याबरोबर कुकर लावणारी जी आहे, तिच्यासाठी याच्याइतकं समजूतदार झाड दुसरं नाही. चार दिवस माहेरी गेलीत तरी रुसत नाही. रात्रपाळी लागली तरी तक्रार नाही. सगळ्यांना रोज काहीतरी हवं असणाऱ्या घरात, ज्याला रोज काहीच नको असं एखादं असावं!

आणि ज्यांना हौस आहे त्यांनी कलम स्वतः करून बघावं. थकलेल्या खुंटावरची टोपी कुजायच्या आत अलगद कापायची, किंवा तिच्या अंगावर फुटलेलं पिल्लू घ्यायचं. ड्रॅगन फ्रूटच्या जोमदार तुकड्याला स्वच्छ, धारदार सुरीने सपाट छेद द्यायचा. दोन्हीच्या मध्यभागी एक बारीक गोल चकती दिसते. ती चकती चकतीला निदान एका बाजूने तरी टेकली पाहिजे. मग वरून कुंडीखालून रबर बँड लावायचं आणि आठ-दहा दिवस सावलीत, पाणी न लागू देता ठेवायचं. जुळलं तर जुळलं. नाही जुळलं तर पुन्हा करायचं. मावळातल्या पॉलीहाऊसमध्ये काम करणाऱ्या बायकांना छाटणी-खुडणीची सवय असते, त्यांच्या हातांना यात काय अवघड? तुमच्या बचत गटात, भिशीत कुणी हे शिकवू शकत असेल तर एक दुपार त्यासाठी ठेवा. ज्या बाईने स्वतः चकतीला चकती जुळवली, तिला "तुझ्या हाताला गुण नाही" म्हणायची कुणाची टाप आहे? आणि म्हटलंच तर ती हसून सांगेल, "अहो, खुंट थकला होता."

मैत्रिणींनो, मला एवढंच सुचवायचंय. घरात झाड मेलं की आधी चार प्रश्न विचारायची सवय लावूया. पाणी जास्त झालं का? ऊन जास्त की कमी? माती कसली होती? आणि मुळात हे किती दिवस जगणारं झाड होतं? या चारांत उत्तर सापडतंच. आणि हे प्रश्न मोठ्याने विचारा, घरातल्या लेकी-सुनांसमोर आणि मुलांसमोरसुद्धा. सासू झालेल्यांनी तर आवर्जून विचारावेत. सुनेची कुंडी वाळली तर "हात" हा शब्द न काढता कुंडीचं भोक बुजलंय का ते बघावं. बुजलं असेल तर एका काडीने मोकळं करावं, आणि रविवारी दोघींनी मिळून नर्सरीत जाऊन दुसरं रोप आणावं. स्वतःच्या मुळावरचं!